पाठमोरे पोस्टकार्ड

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आई फिनलंडमधल्या ताम्पेरेला माझ्याकडे आली, तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत, कढीपत्त्याच्या कुंडीला टेकवून, मी एक पोस्टकार्ड उभे करून ठेवलेले होते. इथल्या घरांच्या खिडक्यांना एकामागे एक अशा तीन काचा असतात आणि खिडकीची पाटी बरीच रुंद असते. बाहेर गुडघाभर बर्फ असला तरी आत त्या पाटीवर रोपे जगतात. आई आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवायला गेले, तर पोस्टकार्ड पाठमोरे झालेले दिसले. चित्र काचेकडे आणि पत्ता लिहायच्या कोऱ्या रेघा माझ्याकडे. हात लागून फिरले असेल असे समजून मी ते सरळ केले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पाठमोरे. मी पुन्हा सरळ केले. असे चार दिवस चालले, आणि आम्ही दोघीही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. आईचा हा स्वभाव मला माहीत आहे. वाईच्या घरातही तिला एखादी गोष्ट नको असली, तर ती बोलत नाही, ती वस्तू फक्त जागची हलवते.

चित्रात तीन सांगाडे आहेत. काळे झगे घातलेले तीन सांगाडे बागकाम करत आहेत. लाकडी फळ्यांवर मांडलेल्या कुंड्यांमधून नाजूक, काहीशी विचित्र रोपे उगवली आहेत, एकाच्या हातात पाण्याची झारी आहे आणि सगळ्यांत पुढच्याने एक रोप दोन्ही हातांनी उराशी धरले आहे. ‘मृत्यूची बाग’ हे चित्राचे नाव, आणि १८९६ साली ते काढले तेव्हा हुगो सिम्बेर्ग तेवीस वर्षांचा होता. घरात नवऱ्याच्या फोटोला हार घालून दोनच वर्षे झालेल्या बाईसमोर, चहाच्या वेळी, असले चित्र ठेवू नये हे मला आधीच कळायला हवे होते, असे वाटून मी स्वतःवर रागावले होते. तरीही मी ते उचलून खणात टाकले नाही. का टाकले नाही, याचाच विचार मी नंतर बरेच दिवस करत राहिले.

या चित्रकाराशी माझी ओळख झाली ती याच शहरात, आठ वर्षांपूर्वीच्या पहिल्या हिवाळ्यात. नोव्हेंबरमध्ये इथे दुपारी साडेतीनलाच दिवे लागतात. कामावरून परतताना थंडीपासून जरा सुटका म्हणून मी कॅथेड्रलमध्ये शिरले. बाहेरून ओबडधोबड करड्या ग्रॅनाइटची, किल्ल्यासारखी वाटणारी ती इमारत लार्स सोंक या वास्तुकाराची. १९०७ मध्ये ती पूर्ण झाली. आत वातीचा आणि ओल्या लोकरी कोटांचा मिसळलेला वास होता, आणि पायांतल्या बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर पाण्याची छोटी थारोळी होत होती. मान वर केली तर छताच्या सर्वांत उंच भागात, लाल जमिनीवर, तोंडात सफरचंद धरलेला साप. देवळाच्या शिखरात आतून साप रंगवायचा, तोही आदम-हव्वेला फसवणारा साप, हे धैर्य मला चकित करून गेले. त्या काळच्या ताम्पेरेकरांनाही ते रुचले नव्हते. सज्ज्याच्या कठड्यावर गुलाबांचा लांबच लांब काटेरी हार खांद्यांवर वाहून नेणारी बारा उघडी मुले आहेत. त्यांच्यावरूनही वाद झाला. ही मुले म्हणजे बारा शिष्य, असे लोक म्हणतात. माझ्या डोळ्यांना मात्र ती ओझे वाहणारी मुलेच दिसतात. एकाला ते पेलत नाही, दुसऱ्याचे लक्ष भलतीकडेच आहे. धबधब्याच्या पाण्यावर कापडगिरण्या चालवणाऱ्या या गावात, गिरणी कामगारांच्या घरात वाढलेल्या पोरांना ओझे काय असते ते शिकवावे लागले नसणार.

मुख्य वेदीवरचे पुनरुत्थानाचे मोठे भित्तिचित्र माग्नुस एन्केलचे आहे. ते भव्य आहे, आणि मी त्याच्यापुढे फार वेळ थांबत नाही. सिम्बेर्गची दोन चित्रे मात्र सज्ज्यावर चढून बघावी लागतात. एक ही मृत्यूची बाग, मूळ कागदावर वीतभरही नसलेली, इथे भिंतीएवढी झालेली. दुसरे ‘जखमी देवदूत’.

फिनलंडमध्ये राहणाऱ्याला या दुसऱ्या चित्राची ओळख करून द्यावी लागत नाही. २००६ मध्ये हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयाने देशाचे चित्र कोणते असे लोकांना विचारले, तेव्हा लोकांनी हेच निवडले. दोन मुलगे एका ओबडधोबड डोलीवजा स्ट्रेचरवरून एका देवदूताला नेत आहेत. देवदूत म्हणजे पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी. डोळ्यांवर पट्टी, मान खाली, पंखावर रक्ताचा डाग, हातात बर्फ वितळताना पहिल्यांदा फुलणारी छोटी पांढरी फुले. पुढचा मुलगा काळ्या कपड्यांत, टोपी घालून, प्रेतयात्रेत चालावे तसा समोर बघत चालला आहे. मागचा मुलगा मात्र वळून थेट आपल्याकडे बघतो. रडवेला नाही, घाबरलेला नाही. त्या नजरेला नाव द्यायला मला आठ वर्षांत जमलेले नाही. मागे दिसणारे पाणी आणि उजाड टेकड्या खऱ्या आहेत. हेलसिंकीतल्या त्यॉलॉनलाहती खाडीकाठचा तो रस्ता आजही आहे, त्यावर आज लोक धावायला जातात. त्या काळी त्या परिसरात अंध मुलींची शाळा होती, अपंगांसाठी आश्रम होता. म्हणजे या दोघांना देवदूत सापडला, तेव्हा त्यांनी त्याला चर्चमध्ये नेले नाही. गावात दुखापत झालेल्या कोणालाही जिथे नेले असते, तिथेच ते त्याला घेऊन चालले आहेत.

हे मूल असल्याशिवाय सुचत नाही, असे मला वाटते. मोठ्या माणसाला देवदूत पडलेला सापडला, तर तो गुडघे टेकेल किंवा पळून जाईल. मुले दोन काठ्या शोधतात.

सिम्बेर्गच्या लहानपणाबद्दल मी जे वाचत गेले, ते तुकड्यातुकड्यांत. १८७३ च्या २४ जूनला, म्हणजे जुन्या पंचांगाप्रमाणे ऐन मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या दिवशी, हामिना नावाच्या किल्ल्याच्या गावात त्याचा जन्म झाला. त्या गावाचे रस्ते नगरभवनाभोवती गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. वडील लष्करात, घरातली भाषा स्वीडिश, राज्य रशियाच्या झारचे, आणि दाराबाहेरच्या लोकांची बोली फिनिश. पुढे कुटुंब व्हीपुरीला गेले आणि उन्हाळे जवळच्याच निएमेनलाउत्ता इथल्या समुद्राकाठच्या घरात जाऊ लागले. भावंडे, बोटी, खडक, रात्री अकरा वाजताही न मावळणारा उजेड. या घराची आणि तिथल्या माणसांची त्याने पुढे कितीतरी छायाचित्रे काढली. ज्याचा सणाच्या दिवशीच वाढदिवस येतो, अशा मुलाला शेकोट्या आपल्यासाठीच पेटल्या आहेत असे वाटत असेल का, असा प्रश्न मला पडतो. त्याच्या चित्रांत इतके सैतान शेकोटीपाशी अंग शेकत बसलेले आहेत, म्हणून.

कारण त्याचे सैतान हे असे असतात. गरीब, थंडीने काकडलेले, शेपटीचे काय करावे हे न कळणारे. फिनिश भाषेत ‘रौक्का’ असा एक शब्द आहे. त्याच्या अगदी जवळ जाणारा आपला शब्द ‘बिचारा’. फिनिश माणूस पावसात भिजलेल्या मांजराला, आजारी शेजाऱ्याला आणि सैतानाला, तिघांनाही हा शब्द लावू शकतो. ही सिम्बेर्गची एकट्याची कल्पना नव्हे. लोह्या गावच्या जुन्या दगडी चर्चच्या भिंतींवर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रंगवलेले सैतान मी पाहिले आहेत. तिथे ते बायकांच्या बरोबरीने लोणी घुसळायच्या भांड्याभोवती जमलेले आहेत. नरक तिथे फार लांब नाही, दुधाच्या कोठीत आहे. शिकलेल्या, शहरी, स्वीडिश बोलणाऱ्या घरातल्या या मुलाने वारसा म्हणून जे उचलले, ते हे. देशाचा गौरव वाढवणारे असे त्यात काही नव्हते. कुठल्याही शेतकऱ्याच्या आजीला ठाऊक असलेले शेजारी होते.

हा फरक मला त्याच्या गुरूकडे पाहिले की फार ठळक दिसतो. हेलसिंकीतले शिक्षण अर्धवट सोडून सिम्बेर्ग १८९५ मध्ये रुओवेसीच्या जंगलात आक्सेली गालेन-कल्लेलाकडे गेला. फिनलंडचे महाकाव्य असलेल्या ‘कालेवाला’तले वीर आज आपल्या डोळ्यांसमोर ज्या रूपात येतात, ते रूप दिले या गालेन-कल्लेलाने. त्याच वर्षी वसंतात त्याची लहान मुलगी मार्यात्ता वारली होती. लाकडाच्या ओंडक्यांनी बांधलेल्या त्या घरात दुःख ताजे होते, आणि दोन वर्षांनी गुरूने तिथेच, नदीतून गोळा केलेल्या मुलाच्या देहापाशी बसलेल्या आईचे ते प्रसिद्ध चित्र काढले. त्यासाठी त्याची स्वतःची आई बसली होती. तेही मी पाहिले आहे आणि त्यापुढे मान आपोआप झुकते. पण त्याच छपराखाली बसून शिष्य हातभर कागदही न घेता, जलरंगात, मोठ्या कानांचा एक फिकट जीव रंगवत होता. राय या धान्याच्या कापून रचलेल्या पेंढ्यांवर बसून तो शेतावर श्वास सोडतो आहे. चित्राचे नाव ‘हल्ला’. मराठी कानाला हा शब्द दचकवतो. फिनिशमध्ये त्याचा अर्थ ऐन हंगामात रात्रीतून पडणारे, पीक मारणारे गोठलेले दव. १८६७ च्या सप्टेंबरमध्ये असेच दव पडले आणि पुढच्या वसंतापर्यंत देशातली मोठी लोकसंख्या भुकेने आणि तापाने गेली. त्या १८६६ ते ६८ च्या दुष्काळात साधारण बारा माणसांमागे एक माणूस दगावला. सिम्बेर्ग त्यानंतर पाच वर्षांनी जन्मला. त्याच्या लहानपणी ज्या मोठ्या माणसांनी त्याला जेवू घातले, त्या सगळ्यांनी तो हिवाळा पाहिलेला होता. तरीही त्याने काढलेला तो जीव दुष्ट नाही. त्याचा श्वासच थंड आहे, त्याला तो तरी काय करणार, असे वाटते. मला विचाराल तर देशाच्या वारशातला अवघड भाग गुरूपेक्षा शिष्याने अधिक निकटून पाहिला.

‘मृत्यू ऐकतो आहे’ या १८९७ च्या चित्राबद्दल मी आईला कधीच सांगितले नाही. एका खोलीत म्हातारी आई अंथरुणावर आहे, तरुण मुलगा व्हायोलिन वाजवतो आहे, आणि काळा कोट घातलेला मृत्यू मान खाली घालून उभा आहे. तो गाणे संपायची वाट बघतो आहे. एवढेच.

आमच्या घरी बाबा सात महिने अंथरुणावर होते. मी त्यातले जेमतेम पाच आठवडे तिथे होते, दोन वेळा रजा काढून. माजघरालगतच्या खोलीत त्यांची खाट होती, खिडकीतून मेणवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज यायचे. खोलीला डेटॉलचा, तुपाचा आणि उन्हात वाळवलेल्या धोतरांचा वास होता. आई त्यांना रोज सकाळी कोमट पाण्यात टॉवेल पिळून पुसून काढायची. हात, मग काखा, मग पाठ. हे करताना ती काही बोलायची नाही, बाबाही बोलायचे नाहीत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलाचा असतो तसा, कुणाच्या तरी स्वाधीन झाल्याचा भाव असायचा. भेटायला आलेली माणसे दारात उभी राहायची. चांगली माणसे, प्रेमाने आलेली. कोणी पदर तोंडाला लावायचे, कोणी “वहिनी, किती करता हो तुम्ही” असे म्हणायचे. मीही एकदा तशीच दारात उभी होते. आईने माझ्याकडे पाहिले आणि पायाने दार लोटून घेतले. तिचे हात ओले होते. त्या लोटलेल्या दारासमोर मी किती वेळ उभी राहिले हे मला आठवत नाही. पण दाराच्या फळीवरची, माझ्या उंचीची एक गाठ मला आजही जशीच्या तशी दिसते.

आईला मी कॅथेड्रल दाखवायला नेले ते ती आल्यावर दहाव्या दिवशी. रस्त्यावरचा बर्फ दिवसा वितळत होता आणि रात्री पुन्हा गोठत होता, त्यामुळे ती माझा हात घट्ट धरून, एकेक पाऊल तपासत चालत होती. सज्ज्याच्या पायऱ्या चढवून मी तिला वर नेले. खरे तर मला तिला ‘जखमी देवदूत’च दाखवायचे होते, बागेकडे न्यायचे नाही असे मी ठरवले होते. त्या चित्रासमोर मी तिला सांगितले, की हे पूर्ण करण्याआधी चित्रकार स्वतः फार आजारी होता; १९०२ च्या शेवटी त्याला हेलसिंकीच्या एका रुग्णालयात दाखल केले आणि काही महिने त्याने तिथेच काढले. बरा झाल्यावर १९०३ मध्ये त्याने मूळ चित्र पूर्ण केले आणि मग इथल्या भिंतीवर ते पुन्हा रंगवले. अर्थ मात्र त्याने कोणालाच सांगितला नाही, ज्याने त्याने आपल्यापुरता लावावा असे तो म्हणत असे. विद्वानांनी मग त्याचा आजार, त्याच्या देशाची पारतंत्र्यातली अवस्था, त्याची श्रद्धा, असे सगळे त्या स्ट्रेचरवर आणून ठेवले आहे. त्यातले काही खरेही असेल. आई हे सगळे ऐकत होती की नाही ते कळत नव्हते. ती मागच्या मुलाकडे पाहत होती.

“हा चिडलाय,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“अगं, ते ओझं घेऊन चाललेत, आणि आपण बघत उभ्या आहोत.”

मग ती आपणहून पुढे गेली आणि मृत्यूच्या बागेसमोर जाऊन उभी राहिली, मी जिथे तिला नेणार नव्हते तिथे. तिने हात जोडले नाहीत आणि तोंडही फिरवले नाही. या बागेचा अर्थ मात्र सिम्बेर्गने सांगून ठेवलेला आहे: स्वर्गात जाण्याआधी आत्मे जिथे राहतात, ती ही जागा. मी तो आईला सांगितला. ती म्हणाली, “म्हणजे रोपं म्हणजे माणसं,” आणि गप्प झाली. काही वेळाने, खाली उतरताना कठड्याला धरून, माझ्याकडे न बघता ती जे म्हणाली ते मी शक्य तितके तिच्याच शब्दांत लिहिते. “ते तिघं त्यांचं काम करतायत. पाणी घालणाऱ्याने वर बघितलेलं नाही, ज्याने रोप धरलंय त्याने तर नाहीच. आपण घरात येता-जाता त्यांच्याकडे काय बघायचं? कुणी कुणाचं करत असलं ना, की बाकीच्यांनी दारात उभं राहू नये गं.”

मी खाली येऊन बाकावर बसले. इतके दिवस मला वाटत होते, की आईला त्या चित्रातला मृत्यू सोसवत नाही. तिने तो पहिल्याच सकाळी ओळखला होता, आणि त्याच्या हातातली झारीही ओळखली होती. मी हे चित्र आठ वर्षे पाहते आहे, त्याबद्दल वाचते आहे, त्यातल्या कोवळिकीवर मित्रमैत्रिणींशी बोलले आहे. आणि तरी त्यातल्या सांगाड्यांना एकांत लागत असेल, हे माझ्या मनात कधी आले नव्हते. सिम्बेर्गला रुग्णालयात ज्या कोणी पुसले असेल, उचलले असेल, पाणी पाजले असेल, त्यांची नावे मला कुठे वाचायला मिळालेली नाहीत. कदाचित त्या मुलाची ती नजर तिथूनच आलेली असेल, अंथरुणावरून दाराकडे पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून. हा माझा तर्क आहे, आणि अर्थ ज्याने त्याने लावावा ही मुभा चित्रकारानेच दिलेली आहे, म्हणून तो लिहिते.

१९१७ च्या जुलैमध्ये सिम्बेर्ग गेला, चव्वेचाळीस वर्षांचा. त्यानंतर पाच महिन्यांनी त्याचा देश स्वतंत्र झाला, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात व्हीपुरी आणि त्याच्या उन्हाळ्यांचा तो किनारा सीमेपलीकडे रशियात गेला. करेलिया नावाच्या त्या भागातून चार लाखांवर माणसांना घरे सोडून अलीकडे यावे लागले. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या आजीबाई त्या वाटेने आल्या तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. त्यांना मी एकदा विचारले होते, की निघताना काय आणले. त्यांनी सांगितले की आईने एका रोपाची कुंडी कोटाच्या आत धरून आणली होती, आणि गाडीत ते रोप थंडीने गेले. कुंडी अजून त्यांच्याकडे आहे. त्यात आता दुसरे काहीतरी लावलेले असते.

आई एप्रिलच्या शेवटी परत गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने कढीपत्त्याची माती उकरली, दोन पिवळी पाने खुडली, आणि पोस्टकार्ड उचलून, पुसून, पुन्हा होते तसेच ठेवले. वाईहून तिचा फोन येतो तेव्हा ती आधी रोपाला पाणी घातले का ते विचारते. घातलेले असते. सकाळी पाणी घालताना ओघळ पाटीवर येतो आणि कार्डाची खालची कड जराशी फुगते, म्हणून मी ते एका बोटाने मागे सरकवते. चित्र काचेकडेच असते. बाहेरच्या बर्चच्या झाडांना आता पाने आली आहेत, आणि रात्री दहा वाजताही त्या बाजूने उजेड येत असतो.